संगणकाचा कायदा, उस्तादांचा कान

सोनिक पाय नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. शाळकरी पोरांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून केंब्रिज विद्यापीठात सॅम एरन यांनी २०१२ मध्ये ते लिहायला घेतलं. चार ओळी टाइप करायच्या, बटण दाबायचं, की संगणक वाजायला लागतो. त्याच्यासोबत तयार आवाजांचा जो साठा मिळतो त्यात चक्क तबला आहे. ‘घे’ एकट्याचेच आठ प्रकार आहेत. ‘ना’ आहे, ‘ते’ आहे, ‘के’ आहे. ‘धा’ मात्र कितीही शोधा, सापडत नाही!

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात तबल्याच्या पहिल्या परीक्षेला बसलेलं पोरगंसुद्धा याचं कारण सांगेल. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘घे’ एकदम पडला की ‘धा’ होतो. सोनिक पायलाही तेच सांगायचं, दोन्ही एकाच क्षणी वाजव. झाला धा. गुरुजी जे हाताला शिकवतात तेच इथे कीबोर्डला शिकवावं लागतं.

अशा मुक्त सॉफ्टवेअरची मजा अशी की त्याचा सगळा कोड उघडा असतो. कुणीही वाचावा, बदलावा, चूक सापडली तर दुरुस्त करून पाठवावी. आणि गाण्याच्या सॉफ्टवेअरमधली चूक कोण पकडतं? बहुतेकदा ज्याला गाणं कळतं तो, मग त्याला कोड कळो न कळो.

सतरा सेकंद

संगणकावर सूर काढणारा पहिला गाजलेला प्रोग्रॅम १९५७ सालचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी तो लिहिला. त्यावर न्यूमन गटमन यांनी केलेली रचना होती जेमतेम १७ सेकंदांची. तेवढ्यासाठीही व्याप केवढा! हिशेब करणारा आयबीएम ७०४ हा अवाढव्य संगणक न्यूयॉर्कमध्ये, आणि आकड्यांचा आवाज करणारं यंत्र न्यू जर्सीत. म्हणजे टेप घेऊन प्रवास करायचा आणि मग ऐकायचं की काय झालंय. ‘बटण दाबा, गाणं सुरू’ म्हणणाऱ्या पिढीने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या घराण्यातला आजचा वारस म्हणजे सीसाउंड. एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी १९८० च्या दशकात तो घडवला, आजही तो मुक्त आहे आणि चालू आहे. तो महाराष्ट्रातही येऊन गेला, कसा ते पुढे.

परीक्षक कोण? उस्ताद!

ही गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे.

१९८० च्या दशकाची सुरुवात. जेम्स किप्पेन नावाचे ब्रिटिश संशोधक लखनौला तबला शिकायला आले. गुरू कोण, तर लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ. किप्पेन यांना प्रश्न पडला होता, की कायद्याचा, म्हणजे तबल्यातल्या ठरावीक बोलांच्या रचनेचा, विस्तार करताना तबलजी जे पलटे, म्हणजे त्याच बोलांची नवी रूपं, सुचवत जातो, ते कोणत्या नियमाने? कारण ‘वाट्टेल ते’ चालत नाही. मूळ कायद्यातलेच बोल घ्यायचे, भरी-खाली पाळायची, आणि तरीही दर खेपेला काहीतरी नवं निघालं पाहिजे.

फ्रान्सचे बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार त्यांना भेटले आणि दोघांनी मिळून ‘बोल प्रोसेसर’ बनवला, ॲपल टू या त्या वेळच्या छोटुकल्या संगणकावर. भाषेचं व्याकरण लिहावं तसं त्यांनी कायद्याचं व्याकरण लिहिलं. कोणत्या बोलानंतर कोणता येऊ शकतो, कोणता तुकडा पुन्हा यायलाच हवा, असे नियम. खालीच्या भागात डग्ग्याचा घुमारा जातो, ‘धा’चा ‘ता’ होतो, ‘घे’चा ‘के’ होतो. तोही नियम यंत्राला दिला. मग यंत्र स्वतःच पलटे रचू लागलं.

हे पलटे बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायचं कुणी? संगणकाला तर आपण रचलेलं सगळंच बरोबर वाटतं. म्हणून ते उस्तादांपुढे मांडले गेले. त्यांनी पसंत केले ते राहिले, नापसंत केले की व्याकरणात काहीतरी राहून गेलंय असं समजायचं आणि नियम पुन्हा लिहायचे. उलटी परीक्षाही होती. उस्तादांनी वाजवलेलं यंत्रात भरायचं आणि ते नियमांत बसतं का पाहायचं. नाही बसलं तर चूक यंत्राची. उस्तादांची नव्हे! सॉफ्टवेअरच्या चाचणीची इतकी अदबशीर पद्धत आयटी पार्कात कुठे दिसेल असं वाटत नाही.

पुढे हा प्रोसेसर मॅकवर आला, मिडी (वाद्यं आणि संगणक यांची आपसातली भाषा) आणि सीसाउंडशी बोलू लागला. आता त्याची तिसरी पिढी मुक्त स्रोत म्हणून कुणालाही मिळते.

बेलसाहेब जात्याजवळ

हेच बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात आपल्या मराठी मुलखात फिरत होते. पुण्यात गी पॉइत्व्हँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम मांडलं होतं. बेल त्यात सामील झाले. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. एकूण ओव्या एक लाखाच्या वर! आता हा खजिना ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेकडे आहे आणि तिथे तो टप्प्याटप्प्याने वाचायला-ऐकायला मिळतो.

मराठवाड्याचा वाटा? बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. तबल्याच्या बोलांचं व्याकरण लिहिणारा माणूस माजलगावात बायांच्या ओव्या टिपतो, ही जोडी एखाद्या कादंबरीत वाचली असती तर आपण लेखकाला ‘जरा जास्तच झालं’ म्हटलं असतं.

तोडीचा पिनकोड: ० १ ३ ६ ७ ८ ११

सुपरकोलायडर ही संगीत रचण्याची आणखी एक भाषा. जेम्स मॅककार्टनी यांनी ती १९९६ मध्ये आणली आणि २००२ मध्ये मुक्त केली. तिच्या स्वरसप्तकांच्या यादीत भैरव, मारवा, पूर्वी, तोडी अशी आपली नावं आहेत. म्हणजे वाळकेश्वरात जन्मलेल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी सांगितलेल्या दहा थाटांपैकी चार. शिवाय अहीर भैरवही.

षड्ज म्हणजे शून्य, आणि तिथून प्रत्येक अर्धा स्वर म्हणजे एक पायरी. आता वरचा आकडा वाचा. कोमल रे १, कोमल ग ३, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, शुद्ध नी ११. झाली तोडी!

छे, कसली तोडी? तोडीचा गंधार किती खाली लावायचा यावर गवई आयुष्य घालवतात, आणि हा ‘३’ म्हणजे पेटीवरची ठोकळेबाज पट्टी. थाट आकड्यांत मावतो, राग मावत नाही. १९८३ मध्ये आलेल्या मिडीचंही तेच. त्यात १२८ सुटे स्वर आहेत, पण मींड काढायची तर वेगळी सोय लागते. ती सोय ‘पिच बेंड’ नावाने आहे आणि तिच्यात १६,३८४ बारीक पायऱ्या आहेत. एवढ्या पायऱ्या असूनही कुठे थांबायचं ते गवयालाच ठरवावं लागतं.

मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि ॲमस्टरडॅमचे विम व्हान डर मेर यांनी यावर भारी युक्ती केली. राग गाताना सूर नेमका कुठून कुठे जातो, हे त्यांनी पडद्यावर रेषेने काढून दाखवलं. त्यासाठी वापरलं ‘प्राट’, जे मुळात बोलण्याच्या ध्वनींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ॲमस्टरडॅममध्येच लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर. भाषावाल्यांचं हत्यार गाण्यावाल्यांनी उचललं. परवानगीचा प्रश्नच नव्हता.

रागावार मांडणीचं नांदेडकरांना तसं नवल नको. १७०८ मध्ये याच शहरात गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ज्या ग्रंथाला दिलं, त्या गुरू ग्रंथ साहिबातला बहुतेक मजकूर ३१ रागांनुसार लावलेला आहे. सुरुवात सिरी रागाने, शेवट जयजयवंतीने.

जुनं पान, नवं पान

लिलीपाँड हे १९९६ पासूनचं पाश्चात्त्य स्वरलिपी छापणारं सॉफ्टवेअर. नेदरलँड्समधले दोन वादक, हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवनहाउझन, संगणकाने छापलेल्या निर्जीव पानांना वैतागले आणि त्यांनी ते लिहायला घेतलं. ध्यास एकच, जुन्या हाताने कोरलेल्या छापील पानासारखं देखणं पान निघालं पाहिजे.

त्याची चाचणी मोठी गमतीची. छोट्या छोट्या स्वरतुकड्यांचा भला मोठा संच आहे. कोडमध्ये काही बदललं की सगळे तुकडे जुन्या आणि नव्या आवृत्तीत छापायचे आणि चित्रं शेजारी ठेवून फरक शोधायचा. रविवारच्या पुरवणीतलं ‘फरक ओळखा’ कोडंच, फक्त इथे फरक सापडला की कुणाची तरी झोप उडते. आणि आवृत्तीचा आकडा बघूनच सावध होता येतं. मधला अंक विषम असेल तर ती प्रयोगाची, सम असेल तर भरवशाची.

म्यूझस्कोर त्याहून सोपं. व्हेर्नर श्वेयर या जर्मन गृहस्थांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. त्यावर बाखच्या १७४१ सालच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची नवी प्रत तयार झाली आणि छापण्याआधी ती जगापुढे तपासायला ठेवली. ज्याला चूक दिसेल त्याने सांगावी. पियानोवर किमिको इशिझाका. २०१२ मध्ये प्रत आणि ध्वनिमुद्रण दोन्ही सगळ्यांसाठी खुलं झालं, वाजवा, कापा, विका, कुणी विचारणार नाही. म्यूझस्कोरच्या चौथ्या आवृत्तीत ब्रेल स्वरलिपीचीही सोय आहे. लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि ब्रेलमधली स्वरलिपी त्यांचीच, हे किती जणांना माहीत असतं?

कर्जतची पोरं

सीसाउंडचं राहिलं होतं. २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या धनगरवाड्यावरच्या छोट्याशा शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते टिकाऊ लॅपटॉप. त्यांच्यासाठी माँट्रियलच्या विद्यापीठात ‘टॅमटॅम’ नावाचं संगीत रचण्याचं मुक्त सॉफ्टवेअर बनवलं होतं, आणि त्याच्या पोटात होता आपला सीसाउंड. १७ सेकंदांसाठी टेप घेऊन प्रवास करणाऱ्या मॅथ्यूज यांचा वारसा असा चौथीपर्यंतच्या मुलांच्या मांडीवर आला.

मराठीत बोला

ऑडॅसिटी हे आवाज टिपायचं आणि कापायचं जगप्रसिद्ध फुकट सॉफ्टवेअर २००० सालचं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, मेनू मराठीत करून बघा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये ते शिकवणारी मालिकाही आहे. या प्रकल्पात पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच राहतात, शिकवणारा आवाज मात्र मराठीसह आपल्या अनेक भाषांतला.

आणि पैशाचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी पॉल डेव्हिस यांचं उदाहरण. ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या एक-दोन प्रोग्रॅमरांपैकी ते एक. ती नोकरी सोडून त्यांनी आर्डर हा मुक्त ध्वनिमुद्रण स्टुडिओ लिहायला घेतला. कोड फुकट, तयार बांधलेली आवृत्ती हवी तर यथाशक्ती पैसे द्या. दक्षिणा म्हणा हवं तर.

हलगी कुठाय?

सोनिक पायच्या त्या साठ्यात तबला आहे. हलगी नाही, संबळ नाही, दिमडी नाही. दरवर्षी येळवशीच्या सुमाराला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, कुस्त्या, लावणी आणि वाघ्या-मुरळीचं जागरण. जे आवाज जगाच्या संगणकात नाहीत ते इथे वाजत असतात.

हायड्रोजन नावाचं फुकट तालयंत्र यासाठीच असल्यासारखं आहे. त्यात आपण टिपलेले ठोके भरून आपला स्वतःचा संच करता येतो. उघडल्याबरोबर समोर १६ घरं येतात, म्हणजे तीनतालाच्या १६ मात्रा आयत्याच. रूपकासाठी ७ किंवा झपतालासाठी १० घरंही करता येतात. फक्त एकाच ठोक्यावर भागवू नका. हळू, मध्यम आणि जोरात असे वेगवेगळे टिपले तर हायड्रोजन ते एकावर एक थरांनी ठेवतं आणि जोर बघून योग्य तो वाजवतं. एकच ठोका पुन:पुन्हा वाजवला तर यंत्र वाजतंय हे माळेगावातलं शेंबडं पोरही ओळखेल. टिपण्याआधी वाघ्याची परवानगी घ्यायची, नाव लावायचं का ते विचारायचं, आणि संच तयार झाला की पहिल्यांदा त्यालाच ऐकवायचा. तो मान हलवेल तेव्हा जगाला पाठवायचा.