गच्चीवरचा एसी आणि 'गॅस संपला' ही तक्रार

चहाच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "आमच्या शोरूमच्या गच्चीवरच्या युनिटमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. चांगला गॅस कुठला?" आज तिथूनच सुरुवात करू.

गॅस संपत नसतो. स्कूटरमधलं पेट्रोल जळतं तसा तो जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. आतली उष्णता उचलतो आणि गच्चीवर टाकतो. हिवाळ्यात गरम हवा देणारं हीट पंप युनिट असेल तर हा प्रवास उलटा होतो, एवढंच. तेव्हा गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि कमी झालेलाच नसेल तर? तर वरून भरलेला गॅस नुकसानच करतो.

मी पाहिलेलं सांगतो. एका छोट्या रुग्णालयाने गच्चीवरच्या युनिट्सना ऊन-पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा टाकला. हेतू चांगलाच होता हो! पण पंखा गरम हवा वर फेकतो. ती पत्र्याला आपटून खाली यायची आणि कॉइल तीच हवा परत ओढायची. त्यात कॉइलच्या फिन्समध्ये रस्त्याची धूळ आणि कबुतरांची पिसं. एप्रिलमध्ये मशीन हाय प्रेशरवर ट्रिप व्हायला लागलं. ऑपरेशन थिएटर गार होईना, म्हणून मेकॅनिकने गॅस वाढवला. प्रेशर आणखी चढलं. मग ट्रिप करणारा स्विचच वायर जोडून बायपास केला. मे महिन्यात कॉम्प्रेसर जळाला आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगणार, वर पत्रा होता म्हणून?

खरं काम होतं ते कॉइल धुण्याचं. आता हे नीट ऐका, कारण इथेच घोळ होतात. वीज बंद करायची, आयसोलेटरला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, खालून कोणीतरी "एसी बंद का?" म्हणून चालू करतो, हे नेहमीचं आहे. वीज तोडली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालायचा नाही. पाणी आतून बाहेर मारायचं, म्हणजे हवा ज्या दिशेने आत जाते त्याच्या उलट. बाहेरून मारलं तर घाण आणखी आत रुतते. गाडी धुण्याचा जोराचा फवारा नको, फिन्स आडव्या होतात. आणि ॲसिड तर अजिबात नको. फेस येतो, कॉइल चकचकीत दिसते, पण तेव्हा ॲल्युमिनियमच खाल्लं जात असतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीकडे खारी हवा हेच काम फुकट करते, म्हणून तिथे साध्या पाण्याने जास्त वेळा धुवावं.

कळणार कसं? गेजवरच्या प्रेशरवरून कंडेन्सिंगचं तापमान काढता येतं. ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 10 ते 15 अंशांनी जास्त असतं. फरक 20-25 च्या पुढे गेला तर आधी कॉइल आणि पंखा बघा. हे तापमान एका अंशाने वाढलं की विजेचा खर्च ढोबळमानाने 2 ते 3 टक्के चढतो. बिल बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बाकीचं पटकन. फिल्टर दर महिन्याला. धुळीच्या रस्त्यालगत असाल तर पंधरवड्याला. ब्लोअरचा पट्टा ढिला झालाय का ते बघा. ड्रेनचा पाइप पावसाळ्याच्या आधी साफ करा, नाहीतर खालच्या मजल्याचं फॉल्स सीलिंग भिजतं. कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या आणि पाली शिरतात, हसू नका, त्याने मशीन खरंच बंद पडतं.

आणि मघाच्या प्रश्नाचं उत्तर. गॅस कुठला, ते युनिटच्या नेमप्लेटवर लिहिलेलं असतं. आर-22 च्या मशीनमध्ये आर-410ए चालत नाही, त्याचं प्रेशर बरंच जास्त असतं. मेकॅनिक सिलिंडर घेऊन आला की दोन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, आणि वजनकाटा आणलाय का? गळती बंद करून, व्हॅक्यूम काढून, वजन करून भरला आणि किती ग्रॅम भरला ते वहीत लिहिलं, तर पैसे द्या. "अंदाजाने टाकतो साहेब" म्हणाला, तर आधी त्याला घेऊन गच्चीवर जा आणि कॉइल दाखवा.