उमेदवाराचे संकल्प आणि खर्चाची मर्यादा
वसतिगृहाची खानावळ, ग्रंथालयाची वेळ, आवारातील दिवाबत्ती यांच्या सुधारणेचे संकल्प घेऊन जो विद्यार्थी निवडणुकीस उभा राहतो, त्याला, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये मान्य केलेल्या, विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार, ५,००० रुपयांहून अधिक खर्च करता येत नाही व निकालानंतर दोन आठवड्यांत जमाखर्चाचा तपशील दाखल करावा लागतो. हजेरी किमान ७५ टक्के हवी. छापील भित्तिपत्रकांस मनाई आहे, हस्तलिखित मात्र नेमलेल्या जागी लावता येतात. आणि हीच तरतूद सर्वांत मोलाची म्हटली पाहिजे, कारण तिच्यामुळे निर्धन विद्यार्थ्याचा संकल्पही धनिकाच्या संकल्पाशेजारी, त्याच भिंतीवर, त्याच इभ्रतीने वाचला जातो. महाराष्ट्रात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेवर निवडणुकीऐवजी गुणानुक्रमे नेमणुका होऊ लागल्या होत्या. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली.