वाट्याला दीड मिनिट

आमच्या शेजारचा मुलगा लेखी परीक्षेत वरच्या नंबरात होता, तरी गटचर्चेत, म्हणजे जीडीत, बाहेर पडला. काय चुकलं विचारलं तर म्हणाला, "काकू, मला बोलायलाच मिळालं नाही." चांगल्या अभ्यासू मुलाला पंधरा मिनिटांत तोंड उघडायला जागा मिळू नये, हे मला पटेना. म्हणून पुण्याबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशी मागच्या बाकावर बसायची परवानगी मागितली. कॉलेजचं आणि कंपनीचं नाव लिहायचं नाही, या अटीवर ती मिळाली.

ॲप्टिट्यूड टेस्टमधून पुढे आलेली सत्तर मुलंमुली कॉरिडॉरमध्ये उभी होती. कडक इस्त्रीचे शर्ट, नव्या फाइली, बुटांना ताजं पॉलिश. या सगळ्या नवेपणात मध्येच डांबराच्या गोळ्यांचा वास आला. परभणीकडच्या एका मुलाने मोठ्या भावाच्या लग्नातला कोट घातला होता, खांद्यांत सैल, कपाटातून थेट अंगावर आलेला. तो भिंतीकडे तोंड करून एकच इंग्रजी वाक्य पुटपुटत होता. त्याचा मित्र त्याला बजावत होता, "फिश मार्केट झालं तरी घुसायचं. गप्प बसलास की आऊट."

प्लेसमेंटचं काम बघणारे सर या सगळ्याला सरावलेले. म्हणाले, "दहाची बॅच, पंधरा मिनिटं. हिशेब सोपा आहे, एकाच्या वाट्याला दीड मिनिट. चार वर्षं मी पोरांना तेच सांगतो, दीड मिनिटाची तयारी करा."

खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. छातीवर नंबरांचे स्टिकर लागले, विषय सांगितला गेला, विचार करायला दोन मिनिटं मिळाली. कोटवाल्या मुलाला सात नंबर आला. त्याच्या बॅचचा विषय होता, शेतकऱ्यांची कर्जमाफी योग्य की अयोग्य. विषय ऐकताच तो सरळ होऊन बसला.

वेळ सुरू झाली आणि तिघांनी एकदम तोंड उघडलं. त्यातली दोन नंबरची मुलगी आवाजाच्या जोरावर टिकली. तिने व्याख्या सांगितली, आकडे सांगितले. मग चार नंबरने 'मोरल हॅझर्ड' आणलं, नऊने 'क्रेडिट कल्चर'. सगळं पाठ होतं आणि चुकीचंही नव्हतं, पण सहा मिनिटं झाली तरी प्रत्यक्षात कर्ज कोणाचं माफ होतं आणि कोणाचं राहतं, हे कोणी बोललं नव्हतं. सात नंबर दोनदा पुढे झुकला. दोन्ही वेळा दुसऱ्याचं वाक्य त्याच्या आधी सुरू झालं. तिसऱ्या वेळी त्याने हात किंचित वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाला, "सर, लँड इज मोअर, बट वॉटर इज नॉट देअर. सो इन टू थाउजंड एट, माय फादर..."

"ॲडिंग टु हिज पॉइंट," असं म्हणत चार नंबरने वाक्य उचललं आणि सिंचनाच्या सरकारी योजनांकडे नेलं. सात नंबर परत काही बोलला नाही.

नंतर जिन्यात मी त्याला विचारलं, ते वाक्य पुढे काय होतं? मराठीत तो न अडखळता बोलला. 2008 साली केंद्राने कर्जमाफी दिली, तेव्हा पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. त्यावरच्यांना फक्त काही भाग सुटायचा, तोही बाकीची थकबाकी भरल्यावर. "आमची नऊ एकर, सगळी कोरडवाहू. बागायती पाच एकरवाला आमच्या दुप्पट कमावतो, त्याचं माफ झालं. वडिलांनी उरलेलं भरायला सावकाराकडून काढलं." तो जरा थांबला. "मॅडम, कर्जमाफी द्यावी की नाही हा नंतरचा प्रश्न. जमीन मोजून गरिबी ठरवली, तिथे चुकलं." अख्ख्या चर्चेत आलेला कुठलाही मुद्दा याच्या जवळपास नव्हता.

गुण देणाऱ्या बाई मूळच्या कराडच्या, कंपनीत मनुष्यबळ विभागात. त्यांच्या कागदावर चार रकाने होते: कम्युनिकेशन, कंटेंट, लीडरशिप, टीमवर्क. सातच्या पुढे सगळीकडे दोन-दोन. मी कारण विचारलं, तर त्यांनी टाळलं नाही. "आमचं काम क्लायंटच्या कॉलवर चालतं. तिथेही पाच जण एकदम बोलतात. जो मध्ये शिरू शकत नाही, त्याचं बरोबर असलं तरी कोणापर्यंत पोचत नाही." हे खरं आहे, आणि ते मी खोडून काढू शकत नाही. पण कॉलवर शिरायला माणूस सहा महिन्यांत शिकतो. नऊ एकर आणि पाच एकर यांतला फरक ओळखणारी नजर इतक्या सहज शिकवता येत नाही.

गटचर्चेची ही पद्धत मुळात कंपन्यांच्या नोकरीसाठी जन्मलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा 1942 च्या सुमारास विल्फ्रेड बिऑन या मानसोपचारतज्ज्ञाने नेता न नेमलेल्या गटाची कसोटी आणली. स्वतः चमकण्याची ओढ आणि गटाचं काम पुढे नेण्याची गरज, या ओढाताणीत माणूस दुसऱ्याशी कसा वागतो, हे त्याला बघायचं होतं. भारतात 1943 साली डेहराडूनला या धर्तीचं निवड मंडळ निघालं. आजही सैन्याच्या एसएसबी या निवड मंडळात गटचर्चा आहे, पण ती पाच दिवसांच्या मुक्कामातला एक तुकडा असते. त्याच मुलांना मैदानावर फळ्या-दोर देऊन अडथळा पार करायला लावतात, मानसशास्त्रज्ञ वेगळं तपासतो, मुलाखत वेगळी होते. चर्चेत गप्प राहिलेला मुलगा मैदानात दिसायला वाव असतो.

कॅम्पसने त्या पाच दिवसांतला हा एवढाच तुकडा उचलला आणि त्याची चाळणी केली. अशा गटचर्चेत गुण कशावर ठरतात, हे बर्नार्ड बास या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1949 सालीच दाखवलं होतं: जो जास्त वेळ बोलतो, त्याला नेतृत्वाचे गुण जास्त मिळतात, आणि हे नातं फार घट्ट असतं. आयआयएमसारख्या संस्थांनी प्रवेशासाठी वर्षानुवर्षं जीडी घेतली. पुढे बहुतेकांनी ती सोडून छोट्या निबंधाची लेखी परीक्षा आणली. नोकरी देणाऱ्या काही कंपन्यांनी मात्र ती धरून ठेवली आहे, कारण सत्तरांचे पंचवीस दोन तासांत होतात.

त्या पंचवीसांत सात नंबर नव्हता. दोन नंबरची मुलगी होती, आणि ती असायलाच हवी होती. तिने आठ नंबरच्या गप्प मुलीला आपणहून बोलायला बोलावलं होतं. बिऑन हेच शोधत होता. बाईंच्या कागदावर त्याची नोंद दिसली नाही. त्या क्षणी बाई आधीच्या बोलण्याचे गुण भरत होत्या. दहा तोंडं आणि एक पेन, सगळं टिपणार तरी कसं?

दुपारी चहाच्या वेळी मी बाईंना म्हटलं, चर्चा संपल्यावर प्रत्येकाला एक कागद द्या. तुझा राहिलेला मुद्दा लिही, आणि दुसऱ्या कोणाचा मुद्दा पटला आणि का, तेही लिही. त्या म्हणाल्या, "सत्तर कागद वाचायचे कधी?" मी म्हटलं, एका कागदाला दीड मिनिट धरा. पावणेदोन तास.

त्यांनी कप खाली ठेवला, मनात हिशेब करून बघितला. "होईल," म्हणाल्या. "कागद हेड ऑफिसकडून येतो, तिथे बोलावं लागेल. पण यातली अर्धी मुलं मराठीत लिहितील, त्याचं काय?"

"लिहू द्या की. तुम्हाला वाचता येतं."