६१७४ : वजाबाकीच्या सरावाचा मजेदार खेळ



हातच्याची वजाबाकी म्हटलं की वर्गातली निम्मी मुलं तोंड वाकडं करतात. एका पानावर दहा उदाहरणं दिली तर तिसऱ्यालाच कंटाळतात. पण हीच मुलं सात-सात वजाबाक्या स्वतःहून करतात, असा एक खेळ आहे. आणि तो शोधला आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी!

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढी एकच अट. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपण महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचं वर्ष घेऊ, १९६० :

९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करून बघा. ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी इथेच थांबते! कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. मधे ०९९९ सारखं उत्तर आलं तर पुढचं शून्य सोडायचं नाही, ते चौथा अंक म्हणून धरायचं. मुलं नेमकी इथेच अडतात, म्हणून आधीच सांगून ठेवावं.

हे मास्तर म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिकवत होते. १९४९ साली त्यांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध गणित-सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं. त्यांच्या एका संख्याप्रकाराचं नाव आहे 'डेम्लो', म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन! (हे पालकांना सांगितलं की सगळे हसतात.)

आता शिक्षकांसाठी खरी महत्त्वाची गोष्ट. या खेळात एक फसवी जागा आहे. वजाबाकी चुकली तरी शेवटी ६१७४ येऊ शकतं! समजा वरच्या ८७३० − ०३७८ मध्ये मुलगी दशकाचा हातचा कमी करायला विसरली आणि तिला ८३६२ आलं. पुढे ६२६४, मग ४१७६, मग ६१७४. मुलगी खूश, आणि चूक तशीच वहीत. म्हणून नुसतं शेवटचं उत्तर बघून 'बरोबर'ची खूण करू नये.

मग सात-सात ओळी तपासत बसायचं का? नाही. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करायला सांगा. ती १८ किंवा २७ च येते, दुसरी येतच नाही. ८३६२ ची बेरीज १९, म्हणजे चूक इथेच आहे. हातचा विसरला की उत्तर १०, १०० किंवा १००० ने चुकतं आणि बेरीज लगेच बिघडते. मुलं स्वतःची वही स्वतः तपासतात, हा मला या खेळाचा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

एक चूक मात्र यातून कधी कधी निसटते. काही मुलं हातचा न घेता प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. अशा वेळी उत्तर ८४४८ सारखं, उलट-सुलट वाचलं तरी सारखंच येतं. असं दिसलं की त्या मुलाजवळ बसून पुन्हा एकदा सोडवून घ्यावं.

बेरीज अशी का येते? मोठ्या-लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, एवढंच ते उत्तर असतं. दोन्ही नऊच्या पाढ्यातले! ६१७४ साठी फरक ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४. अशी उत्तरं एकूण ५४ च बनतात, म्हणून पहिल्याच वजाबाकीनंतर हजारो संख्यांची गर्दी ५४ वर येते. हा भाग सहावी-सातवीला रंगतो, चौथीला नको.

तीन अंकी संख्या घेतली तर ४९५ येतं. दुसरीच्या मुलांना दोन अंकी द्या. तिथे थांबायचं ठिकाणच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असं गोल गोल फिरतं. माझ्या वर्गात त्याला 'आगगाडी' म्हणतात.