जुन्या दप्तराच्या संगणकीय प्रती आणि फाइलचे स्वरूप

निजामकालीन महसुली कागदांत जेथे रकमा वा क्षेत्रे उर्दू अंकांत लिहिलेली असतात, तेथे शून्य म्हणजे केवळ एक टिंब असते. हे टिंब लोपले की दहा गुंठ्यांचा एक गुंठा होतो. कागद जीर्ण व शाई फिकट असली म्हणजे स्कॅनर ते सहज लोपवितो. यास्तव नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुने दप्तर कोणत्या स्वरूपाच्या फाइलीत जतन करावे, हा प्रश्न केवळ यंत्रविषयक नसून पाठचिकित्सेचाही आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा एखाद्या कुटुंबाचा दावा एका शब्दाच्या वाचनावर कसा अवलंबून राहतो हे सर्वांच्या ध्यानात आले.

पहिला धोका कृष्णधवल प्रतीचा. येथे प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा एवढेच ठरते. शाईची छटा, कागदाचा डाग व नंतर केलेली दुरुस्ती यांतील भेद उरत नाही. अशा प्रतीचा मोह मात्र समजण्याजोगा आहे. ए-४ आकाराचे पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत घेतल्यास, संकोच न करता, सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते; कृष्णधवल घेतल्यास सुमारे १. जेपेग हे स्वरूप मधला मार्ग वाटते. परंतु ते प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून सूक्ष्म तपशील गाळते, आणि फाइल उघडून, बदलून पुन्हा जतन केली की हानीत भर पडते.

याहून घातक प्रकार जेबिग-२ या संकोचपद्धतीचा. तिच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या अक्षराकृतींपैकी एकच साठवून ती इतर ठिकाणी बसविली जाते. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञास झेरॉक्स कंपनीच्या यंत्राने काढलेल्या एका नकाशाच्या प्रतीत तीन खोल्यांची निरनिराळी क्षेत्रफळे एकच झालेली आढळली. (मराठीत प्रतीलाच ‘झेरॉक्स’ म्हणतात, हा योगायोग मौजेचा खरा.) पुसट अक्षर वाचकास निदान सावध करते, येथे चुकीचा अंक सुस्पष्ट व नेटका उमटतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि वाचकाची सारी भिस्त अक्षराच्या बारीक वळणावर असते. तेथे असा परस्पर बदल कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून मूळ प्रत रंगीत व टिफ स्वरूपात ठेवावी. १९८६ साली ऑल्डस कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या स्वरूपात बिंदू जसेच्या तसे, अथवा कोणतीही हानी न करणाऱ्या संकोचाने, साठविता येतात. या प्रतीस पुन्हा हात लावू नये. वाचकांना देण्यासाठी तिच्यापासून पीडीएफ/ए प्रत काढावी. २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेल्या या प्रकारात आवश्यक ते टंक फाइलीतच अंतर्भूत असतात आणि गुप्तशब्दाचे कुलूप चालत नाही. तथापि जेबिग-२ ला या मानकाची मनाई नाही. तेव्हा नुसत्या नावावर विसंबणे भोळेपणाचे होय. स्कॅनरची मांडणी प्रारंभीच तपासावी.

फाइलीसोबत कागदाची ओळखही जतन व्हावयास हवी. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवातून, वेगळा झाला. उदगीरच्या जुन्या कागदावर बिदरचे नाव असेल, तर नोंदीतही प्रथम तेच यावे. आजचा जिल्हा स्वतंत्र रकान्यात द्यावा. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन साधारणतः मिळतो, पण वर्षारंभ भिन्न असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. यास्तव मूळ सन कागदावर आहे तसाच टिपावा, आणि पान स्कॅन करताना समास व कडा छाटू नयेत, कारण सन पुष्कळदा तेथेच लिहिलेला असतो.