दिसणारा आणि बोलणारा मराठी चित्रपट

मराठी चित्रपट जन्मला मुका, पण वाढला रंगभूमीच्या अंगणात. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते आणि बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला ते खटकण्याचे कारणच नव्हते. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, ‘प्रभात’ने पहिला मराठी बोलपट काढला, तोही हरिश्चंद्राचाच. ‘अयोध्येचा राजा’मध्ये राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. ते नाटकातून आलेले, आणि पदे, स्वगते व लांबलचक संवाद हेही त्याच वाटेने पडद्यावर आले. शब्दांची ही ओढ मराठी चित्रपटाला कधी तारत आली, कधी बुडवत आली. जुने चित्रपट आज पुन्हा पाहताना कोणते टिकले आणि कोणते नुसते आदरापोटी टिकवले गेले, हे बरेचसे याच कसोटीवर ठरते.

या ओढीला पहिला छेद बोलपटाच्या आधीच, कोल्हापुरात गेला. बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. त्यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तो पौराणिक मुकुट बाजूला ठेवून, सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्यावर. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. या मूकपटाची प्रत उरलेली नाही, त्यामुळे त्याची थोरवी ऐकीव पुराव्यावरच मानावी लागते. मात्र पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेल्या मंडळींनी १९२९ साली ‘प्रभात’ उभी केली आणि त्यांच्या चित्रपटांवरून गुरूच्या नजरेचा अंदाज येतो.

‘प्रभात’चा सर्वोत्तम चित्रपट कोणता, हा वाद जुना आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) हे त्याचे उत्तर बहुतेक जण देतात आणि ते बरोबरही आहे, फक्त कारण वेगळे. विष्णुपंत पागनीसांची भक्ती, त्यांचा आवाज, पुष्पक विमान यांचे कौतुक नेहमी होते. विमान आज पाहिले तर भाबडे वाटते. चित्रपट तोलून धरते ती जिजाई. गौरी या अभिनेत्रीने ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामांपासून सुरुवात केली होती, रंगभूमीचे वळण तिला नव्हते. तिची म्हैस, तिची चूल, उपाशी पोरांवरून होणारी तिची चिडचिड आणि पांडुरंगावर चप्पल उगारणारा तिचा संताप यांमुळे संताच्या गोष्टीला घर मिळाले. तुकोबा गातात आणि जिजाई कामाला लागते. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी दोघांनाही सारखेच खरे मानले. पुढच्या कितीतरी संतपटांनी अभंग उचलले, जिजाई मात्र कुणाला जमली नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली, ती अभंगाचा एक शब्दही न कळणाऱ्या परीक्षकांनी.

शांतारामांचा ‘कुंकू’ (१९३७) त्याहून धीट आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट पार्श्वसंगीताशिवाय चालतो. भिंतीवरचे घड्याळ, भांड्यांचे आवाज, पावले एवढ्यावरच म्हाताऱ्या वकिलाच्या घरातला कोंडमारा उभा राहतो. केशवराव दाते यांचे काकासाहेब हे खलनायक नाहीत, आरशात स्वतःचे वय पाहून हादरणारे गृहस्थ आहेत. म्हणून शांता आपटे यांच्या नीरेचे बंड भाषण होत नाही. शांता आपटे यांच्या तोंडी घातलेली लाँगफेलोची इंग्रजी कविता तेवढी ठिगळासारखी दिसते. सुधारणेचा निरोप पोचला की नाही, अशी शंका आल्यावर दिग्दर्शक जे करतो, ते शांतारामांनी तिथे केले. ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) यांतही ही शंका अधूनमधून डोके वर काढते, पण दृश्यांची पकड सुटत नाही. शांताराम १९४२ साली बाहेर पडले आणि १९५३ साली ‘प्रभात’ बंद झाली.

त्याच १९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ आला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले आणि त्या पदकाच्या पुण्याईवर त्याची खरी परीक्षा कधी झालीच नाही. वनमाला यांचा संयम आणि माधव वझे यांचा निरागस चेहरा आजही लोभस आहे. चित्रपट म्हणून तो साने गुरुजींच्या पुस्तकाची पाने एकामागून एक उलटत जातो. प्रत्येक प्रसंगाला शिकवण, प्रत्येक शिकवणीला अश्रू. अत्रे हे शब्दांचे बादशहा. कॅमेरा त्यांच्या लेखी लेखनिक होता. लगोलग आलेल्या त्यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाची निवड कितीतरी धाडसाची होती, तरी आठवण काढली जाते ती ‘श्यामची आई’चीच.

पन्नाशीच्या दशकाचा खरा धनी राजा परांजपे. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२), ‘ऊन पाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटांत त्यांना ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि सुधीर फडके यांचे संगीत लाभले. त्यांतल्या मध्यमवर्गाला घरभाड्याची चिंता असते आणि विनोदाची भूकही असते. ‘जगाच्या पाठीवर’वर चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ची सावली उघड आहे, पण परांजपे यांचा भाबडा नायक इथल्या मातीतला वाटतो. गाणी लोकांच्या ओठांवर राहिली आणि त्यांच्या प्रकाशात दिग्दर्शक थोडा झाकोळला, हा मात्र अन्याय झाला.

अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) पुण्यात शंभरहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला आणि पुढची बारा-पंधरा वर्षे निर्मात्यांना फड, पाटील आणि लावणी यांपलीकडे काही दिसेना. मूळ चित्रपट चांगला आहे. हंसा वाडकर यांची जरब आणि जयश्री गडकर यांचा डौल आजही उतरत नाही. नकलांविषयी बोलण्यासारखे फारसे नाही. या लाटेच्या टोकाला शांतारामांचा ‘पिंजरा’ (१९७२) आहे. ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाच्या धाग्यावर बेतलेली आदर्श मास्तराच्या अधःपाताची ही गोष्ट श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी पेलली. राम कदम यांच्या चाली आणि जगदीश खेबुडकर यांची गाणी अजून ताजी आहेत. पण घड्याळाच्या टिकटिकीवर प्रसंग उभा करणारे शांताराम इथे प्रत्येक भावना तीनदा सांगतात: एकदा संवादात, एकदा रंगात आणि एकदा संध्या यांच्या मुद्रेत. लोकप्रियतेत तो ‘कुंकू’च्या पुढे गेला असेल, कलेत त्याच्या जवळपासही जात नाही.

‘सामना’ (१९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला) आणि ‘सिंहासन’ (१९७९) हे दोन चित्रपट शब्दांवरच उभे आहेत आणि तरी शिळे झालेले नाहीत, याचा उलगडा करावा लागतो. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, माणसे सगळी नाटकाच्या तालमीतली. पण तेंडुलकरांची पात्रे बोलतात ती काहीतरी लपवण्यासाठी. ‘सामना’त साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील गोड बोलत राहतो आणि दारुडा मास्तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. संवाद इथे हत्यार आहे, माहिती पुरवण्याचे साधन नाही. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा ‘सिंहासन’ पात्रांच्या गर्दीत काही ठिकाणी घाईचा होतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हे दोघे तो सावरून नेतात. मराठीत राजकीय चित्रपट म्हणून मिरवणारे पुढचे बहुतेक सारे या दोन चित्रपटांचेच उष्टे खात आले. पटेलांचाच ‘जैत रे जैत’ (१९७७) संगीतासाठी ऐकावा; ‘उंबरठा’ (१९८२) स्मिता पाटीलच्या डोळ्यांसाठी पाहावा.

दादा कोंडके आणि वसंत सबनीस यांच्या जोडीने ‘सोंगाड्या’त (१९७१) लोकनाट्याचा खरा भोळेपणा पडद्यावर आणला. पुढे सबनीसांचा हात सुटला, द्व्यर्थ उरला. हेच सबनीस ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) लेखक. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला हा चित्रपट मूळ हिंदी चित्रपटाला सहज मागे टाकतो. कॅमेरा त्यात जवळपास काहीच करत नाही. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे टायमिंग सगळे करते, आणि वाक्ये अशी की तीन पिढ्या ती एकमेकींना ऐकवतात. उत्तम नाटक पडद्यावर आणले तर तेही चालते, याचा हा दाखला. त्यानंतर ‘माहेरची साडी’ने (१९९१) रडण्याचा बाजार मांडला आणि नव्वदीचे दशक जवळपास वाया गेले. बेर्डे यांच्यातला गंभीर नट दाखवणारा ‘एक होता विदूषक’ (१९९२), सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ आणि अमोल पालेकर यांचा ‘बनगरवाडी’ एवढे अपवाद.

‘श्वास’ला २००४ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेल्या नातवाला शस्त्रक्रियेआधी जग दाखवणारा आजोबा अरुण नलावडे यांनी न विसरता येण्याजोगा केला. इस्पितळातली संभाषणे मात्र माहितीपत्रकासारखी आहेत. चित्रपटापेक्षा त्याने दिलेली हिंमत मोठी ठरली. त्या हिमतीचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२००९): मावसभावाचा मृत्यू पचवू न शकणारा मुलगा, पाणी, माळरान आणि फार थोडे शब्द. प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्याच दिग्दर्शकाचा ‘देऊळ’ (२०११) सगळे बोलून दाखवतो, आणि राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

नागराज मंजुळे यांनी हा हिशेब उलटा केला. ‘फँड्री’त जब्याचे कुटुंब मेलेले डुक्कर वाहून नेते आणि मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू यांची चित्रे दिसतात. एकही पात्र त्यावर बोलत नाही. ‘सैराट’ने (२०१६) शंभर कोटींचा पल्ला गाठला, तो अजय-अतुल यांच्या गाण्यांवर. पण प्रेक्षकांना घरी जाताना गप्प केले ते शेवटच्या आवाजविरहित दृश्याने. हैदराबादचा भाग लांबतो, हा आक्षेप खरा आहे. तो कापला असता तर शेवट एवढा बसला नसता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सरकारी वकील बाई घरच्यांसोबत नाटकाला जातात. परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला सभागृह खळखळून हसते, आणि कॅमेरा लांबून, काही न म्हणता पाहत राहतो. मराठी चित्रपटाने मराठी रंगभूमीकडे इतक्या थंडपणे यापूर्वी पाहिले नव्हते.

गेल्या काही वर्षांत तिकीटबारी पुन्हा बोलक्या चित्रपटांकडे वळली आहे. दिग्पाल लांजेकरांच्या शिवकालीन मालिकेतला ‘पावनखिंड’ (२०२२) घोषणांवर चालतो आणि बाजीप्रभूंच्या लढाईचा थकवा, चिखल, भीती यांना जागाच देत नाही. ‘बाईपण भारी देवा’ने (२०२३) मध्यमवयीन बायकांना झुंडीने चित्रपटगृहात आणले, ही मोठी गोष्ट, पटकथा मात्र दूरचित्रवाणी मालिकेच्या मापाची आहे. त्याच वर्षीचा ‘वाळवी’ त्यापेक्षा कितीतरी हुशार. आणि जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा जुना सोबती यांची ही प्रेमकथा पार्श्वसंगीताचा आधार घेत नाही. गेल्या पाच वर्षांतल्या मराठी चित्रपटांत पहिले नाव त्याचेच घ्यावे लागेल.