घरखर्चाच्या हिशेबासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उमरोळीहून लोकल पकडून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पगार, घराचा हप्ता, किराणा, शाळेची फी, एसआयपी हे सगळं घरच्या कॉम्प्युटरवर एकाच जागी मांडता येतं. तेही फुकट!

📌 होमबँक: नवशिक्यांसाठी सोपं. रोजचा खर्च प्रकारानुसार नोंदवा, महिन्याचं बजेट ठरवा, आलेख बघा.

📌 जीएनयूकॅश: 1998 पासूनचं, मुक्त स्रोत. यात दुहेरी नोंद पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून निघाली आणि कुठे गेली हे दोन्ही दिसतं. कर्ज, शेअर, म्युच्युअल फंड ज्यांचे आहेत त्यांनी हेच घ्यावं. हिशेबाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असं ठरवता येतं. बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमध्ये (रकान्यांची साधी फाइल) उतरवून यात आयात करा. कोणता रकाना तारखेचा, कोणता जमेचा, हे आयात करताना सांगता येतं.

निवडताना तीन गोष्टी तपासा:
✅ इंटरनेट नसतानाही चालतं का?
✅ नोंदी दुसरीकडे नेता येतात का? मायक्रोसॉफ्ट मनी या अशाच हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री 2009 मध्ये थांबली, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.
✅ नेटबँकिंगचा पासवर्ड मागतं का? मागत असेल तर देऊ नका.

हिशेबाच्या फाइलची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर ठेवा. सुरुवात एका बचत खात्यापासून करा, बाकीची खाती हळूहळू जोडा. अडलात तर कमेंटमध्ये विचारा, नक्की मदत करेन. 🙏